अंथरुणातून उठवणारा व्यायाम

जिमच्या पाटीवर, हिरॉइन्सच्या मुलाखतीत 'पिलाटीज' हा शब्द आपण सारखा वाचतो. वाटतं, असेल एखादं श्रीमंती फॅड! पण पिलाटीज हे एका माणसाचं आडनाव आहे आणि त्याची गोष्ट सुरू होते ती एका सतत आजारी असणाऱ्या पोरापासून.

जोसेफ पिलाटीजचा जन्म १८८३चा, जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाखचा. दमा, मुडदूस, संधिवाताचा ताप. काही म्हणता काही त्याला सोडेना. पण पोरगं जिद्दी. व्यायाम करून करून त्यानं शरीर असं कमावलं की पुढे बॉक्सिंग, सर्कस सगळं केलं. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तो इंग्लंडमध्ये होता. जर्मन म्हणजे शत्रू! रवानगी झाली छावणीत, आधी लँकेस्टर, मग आइल ऑफ मॅन बेटावर. तिथे तो सोबतच्या कैद्यांना जमिनीवरचे व्यायाम शिकवू लागला. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी त्यानं खाटेलाच स्प्रिंगा बांधल्या, असं सांगतात. आजच्या स्टुडिओतल्या स्प्रिंगांच्या यंत्रांचं मूळ तिथलंच म्हणे.

१९२६मध्ये तो अमेरिकेला निघाला. बोटीवर त्याला क्लारा भेटली आणि आयुष्यभराची साथीदार झाली. न्यूयॉर्कला एट्थ अॅव्हेन्यूवर दोघांनी स्टुडिओ थाटला. जोसेफ तापट, हेकेखोर. क्लारा शांत, समजून घेणारी. नाव त्याचं झालं, पण आजारी, दुखऱ्या माणसाला झेपेल असा व्यायाम बेतून देणं ही तिची हातोटी.

पाय मुरगळलेले, पाठ धरलेले नर्तक तिथे येऊ लागले. बॅले गुरू जॉर्ज बॅलन्शीननं आपली विद्यार्थिनी रोमाना क्रिझानोव्हस्का हिला घोट्याच्या दुखण्यासाठी तिथेच आणलं. नर्तिका ईव्ह जेंट्रीची गोष्ट तर आपण बायकांनी लक्षात ठेवावी अशी. १९५०च्या दशकात स्तनाच्या कॅन्सरसाठी तिच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली, छातीचे स्नायूही काढले. हात वर होईना. याच व्यायामानं तिचा हात पुन्हा मोकळा हलू लागला.

जोसेफनं आपल्या पद्धतीला नाव दिलं होतं 'कॉन्ट्रॉलॉजी', म्हणजे मनाचा शरीरावर ताबा. १९४५च्या पुस्तकात त्यानं फक्त ३४ व्यायाम दिले. घाम गाळण्यापेक्षा श्वास, पोट आणि पाठीचा कणा यांवर लक्ष. थोडं करा, पण नीट करा.

१९६७मध्ये तो गेला. पद्धतीचा जगभर बोलबाला झाला तो नंतर. स्टुडिओ आधी क्लारानं सांभाळला, मग रोमानानं. ईव्हसारख्या शिष्यांनी ही विद्या इतरत्र नेली. पुढे नावाच्या हक्कावरून भांडणंही झाली. अखेर २०००मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टानं सांगितलं, योगासारखंच हे नावही कुणा एकाच्या मालकीचं नाही.

म्हणूनच पिलाटीज म्हटलं की फक्त सपाट पोट आठवू नका. सिझेरियननंतर, ऑपरेशननंतर किंवा वर्षानुवर्षं ओट्याशी उभं राहून जिची पाठ धरली आहे, तिच्यासाठीही हा व्यायाम आहे. फक्त आधी डॉक्टरांना विचारा आणि जाणकाराकडूनच शिका. मुळात तो जन्मालाच आला दुखणाऱ्या शरीरांसाठी.