ऑस्टिन सेव्हन ते लोटस : कॉलिन चॅपमन यांची वाटचाल

लोअर पिअर्स जलाशयाजवळचा ओल्ड अपर थॉमसन रोड आज एकेरी वाहतुकीचा, गर्द सावलीचा आणि माकडांचा रस्ता आहे. रविवारी सकाळी तिथे चालायला जाणाऱ्या आपल्या मंडळींना कदाचित ठाऊक नसेल की १९६१ ते १९७३ या काळात याच रस्त्यावर मोटारींच्या शर्यती होत असत. सुमारे ४.८ किलोमीटरचा तो फेरा अरुंद आणि जीवघेणा होता. १९६३ आणि १९६५ साली तिथे अल्बर्ट पून जिंकले ते लोटस २३ या गाडीत. स्वातंत्र्यानंतर १९६६ साली शर्यतीला सिंगापूर ग्रां प्री हे नाव मिळाले आणि ली हान सेंग यांनी ती लोटस २२ मध्ये जिंकली. ही लोटस घडवणाऱ्या माणसाची सुरुवात मात्र उत्तर लंडनमधल्या एका घरामागच्या गॅरेजात, न खपलेल्या एका जुन्या गाडीपासून झाली होती.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी रिचमंड येथे झाला. वडील हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल चालवीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकाम-संरचनांच्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेत असतानाच चॅपमन यांनी मित्राबरोबर जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा जोडधंदा सुरू केला. १९४७ च्या अखेरीस सरकारने खासगी वापराच्या पेट्रोलचा कोटा बंद केला आणि जुन्या गाड्यांचे भाव कोसळले. कमावलेले सगळे गेले. गळ्यात उरली १९३० सालची एक ऑस्टिन सेव्हन.

ही ऑस्टिन म्हणजे ७४७ सीसीची, साध्या घडणीची, गरीब मध्यमवर्गाची गाडी. पुढे एक आडवा पाटा, मागे चासीबाहेर डोकावणारे दोन अर्धवट पाटे, आणि वळणावर सहज पीळ खाणारी चासी. चॅपमन यांनी तिचे जुने कवच काढून टाकले आणि ॲल्युमिनिअमचा पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडने नवी, कणखर बॉडी बांधली. जागा होती मैत्रीण हेझल विल्यम्स यांच्या आईवडिलांच्या घरामागचे गॅरेज. हेझल केवळ चहा आणून देत नव्हत्या, कामातही हात देत होत्या. पुढे १९५२ साली लोटस इंजिनिअरिंगचा आरंभ झाला तोही त्यांनी दिलेल्या पंचवीस पौंडांवर. दोघांचे लग्न १९५४ साली झाले.

चॅपमन यांचे वेगळेपण दिसले ते १९५१ च्या तिसऱ्या गाडीत. ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडरना इंधन-हवेचे मिश्रण पुरवणारी द्वारे दोनच होती. शेजारचे सिलिंडर एकाच घोटातले वाटून घेत. चॅपमन यांनी आत पत्र्याची भिंत घालून हे वाटे वेगळे केले. गाडी इतरांपेक्षा इतकी पुढे जाऊ लागली की ७५० मोटर क्लबने पुढच्या हंगामात ही युक्ती नियमानेच बंद केली. पुढचा सलग ॲक्सल मधोमध कापून दोन्ही चाके स्वतंत्र करण्याचा उद्योगही याच काळातला. म्हणजे एका चाकाखाली खड्डा आला तर दुसऱ्याने मान वाकवायची गरज उरली नाही.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण गॅरेजात गाडी सजवणारे आजही इथेच चुकतात. युद्धपूर्व शर्यतीच्या गाड्यांची रीत अशी की स्प्रिंगा दगडासारख्या कडक आणि चासी मात्र लवचीक. परिणामी चासी स्वतःच स्प्रिंगसारखी वाकायची आणि चाके रस्ता सोडून उडायची. चॅपमन यांनी हे समीकरण उलटे केले. पुलाचे त्रिकोणी सांगाडे शिकलेला हा माणूस. त्याने बारीक नळ्यांच्या त्रिकोणांनी ताठ सांगाडा बांधला, त्यावर मऊ स्प्रिंगा बसवल्या आणि त्यांची उसळी आवरण्याचे काम चांगल्या शॉक ॲब्सॉर्बरवर सोपवले. चाक रस्त्याला चिकटून राहिले. आज काकी बुकितच्या वर्कशॉपमध्ये गाडी चार बोटे खाली बसवून, कडक स्प्रिंगा घालून मिरवणाऱ्यांनी हा सांगाडा एकदा नीट पाहावा, असे मला नेहमी वाटते.

लोटस मार्क सिक्सचा असा नुसता सांगाडा सुमारे पंचवीस किलोचा होता. तो सुट्या भागांच्या संचात विकला जाई. इंजिन बहुधा फोर्डचे, गिऱ्हाइकाने स्वतः मिळवलेले. यात कराचे गणित होते. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर जबर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या जोडणीवर नव्हता. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन याच वाटेने हजारो तरुणांच्या गॅरेजात पोचली. संचासोबत जुळणीची पुस्तिका देणे नियमाला धरून नव्हते, म्हणून लोटस गाडी खोलण्याच्या सूचना देई आणि गिऱ्हाईक त्या शेवटून वाचे, अशी आख्यायिका सांगतात. दहा वर्षांच्या सीओईचे पैसे मोजलेल्या सिंगापूरकराला या चातुर्याचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला, ती सवलत संपली आणि सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले.

पुढचा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. १९६२ ची लोटस २५, जिच्यात चासी आणि बॉडी एकच झाली. जिम क्लार्क यांची १९६३ आणि १९६५ ची जगज्जेतेपदे, १९६५ चाच इंडियानापोलिसचा विजय. १९७८ मध्ये गाडीखालच्या हवेलाच रस्त्याकडे ओढायला लावणारी लोटस ७९ आणि मारिओ आंद्रेत्ती. चॅपमन यांच्या हयातीत संघाने सात वेळा फॉर्म्युला वनचे निर्मात्यांचे अजिंक्यपद मिळवले.

पण वजन कमी करण्याच्या ध्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६० साली बेल्जियममधील स्पा येथे सरावात स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे मागचे चाक निखळले आणि ते गंभीर जखमी झाले. त्याच दिवशी माइक टेलर यांच्या लोटसचा स्टिअरिंगचा दांडा तुटला. टेलर यांची कारकीर्द तिथेच संपली आणि त्यांनी कंपनीला न्यायालयात खेचले. १९६९ मध्ये बार्सिलोनात दोन्ही लोटसचे उंच पंख मोडून पडले. त्यानंतर योखेन रिंट यांनी आपला गाडीवर विश्वास उरला नसल्याचे चॅपमन यांना लिहून कळवले होते. पुढच्या वर्षी मोंझाच्या सरावात ते गेले. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटल्याचा संशय होता. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले. जिम क्लार्क १९६८ मध्ये हॉकेनहाइमला गेले तेव्हा चॅपमन पार कोसळले होते, हे खरे. परंतु गाड्या त्यानंतरही तशाच हलक्या बनत राहिल्या, हेही खरे. त्यांच्या प्रतिभेविषयी कोणाचे दुमत नाही. त्यांच्या सावधगिरीबद्दल मात्र मला तसे म्हणवत नाही.

व्यवहारातही हीच वृत्ती होती. डीलॉरिअन मोटारीच्या विकासासाठी आलेला, त्यात ब्रिटिश करदात्यांचाही पैसा असलेला, कोट्यवधींचा निधी परदेशी कंपनीमार्फत वळवला गेला. १९९२ साली लोटसचे अर्थप्रमुख फ्रेड बुशेल यांना त्याबद्दल तुरुंगवास झाला. चॅपमन हयात असते तर त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली असती, असे न्यायाधीशांनी तेव्हा स्पष्ट केले.

तोवर त्यांना जाऊन दहा वर्षे होत आली होती. १६ डिसेंबर १९८२ रोजी पहाटे नॉर्विचजवळच्या राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय चोपन्न. त्याच दिवशी जवळच्या स्नेटरटन ट्रॅकवर लोटसची एक नवी गाडी चाचणीसाठी उतरणार होती. तिच्यात नेहमीच्या स्प्रिंगांचे काम संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या हायड्रॉलिक जॅकना दिलेले होते. चाचणी ठरल्याप्रमाणे पार पडली.