कैद्यांना बायकामुलांसह शेतावर ठेवणारा औंधचा राजा

गोष्ट आहे 1939 सालची. आटपाडीजवळच्या माळावर औंध संस्थानाने एक तुरुंग काढला. त्याला उंच भिंतीच नव्हत्या. नाव ठेवलं, स्वतंत्रपूर.

संस्थानाचे राजे होते भवानराव पंतप्रतिनिधी. जन्म 1868 चा. पुण्यात बी.ए. झालेले, स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. 1909 मध्ये ते गादीवर आले आणि पुढे गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी कारभार लोकांच्या हाती दिला. त्याच काळात पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांची खुल्या तुरुंगाची कल्पना त्यांनी उचलून धरली.

इथं कैदी कुटुंबासोबत राहून शेती करू लागले. भिंतीपेक्षा संसार आणि जमीन माणसाला घट्ट धरून ठेवते, हा त्यामागचा हिशोब. यावरूनच व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' 1957 मध्ये आला.

पुढच्याच वर्षी देशात परिवीक्षा कायदा झाला आणि हाच हिशोब कोर्टातही आला. परभणीचं कोर्ट असो की पुण्याचं, दोषी माणसाला तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडायचं तर गुन्ह्याचं स्वरूप, त्याचं चारित्र्य आणि परिस्थिती पाहिली जाते. त्याला किंवा जामीनदाराला कायमचं घर किंवा नियमित काम आहे का, हेही. वय 21 च्या आत असेल तर तुरुंगात धाडण्याची कारणं न्यायाधीशांना लिहावी लागतात. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र ही सवलत नाही.

भवानराव 1951 मध्ये गेले. स्वतंत्रपूर आजही सुरू आहे.