जेम्स वॉट आणि ग्लासगोचें विद्यापीठ

विद्यालयें आणि व्यापाराच्या पेढ्या यांच्यामध्यें आपल्याकडे जी एक उंच भिंत मानली जाते, ती सर्व देशांत व सर्व काळीं होती असें नाहीं. जेम्स वॉटचें नांव शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. पण किटलीच्या झांकणाची जी गोष्ट त्यांस सांगण्यांत येते, तिच्यापलीकडे या पुरुषाचें चरित्र सहसा जात नाहीं. किटलीनें एंजिन केलें नाहीं. विद्यापीठानें दिलेली खोली, एका अध्यापकानें उसने दिलेले पैसे आणि दोन कारखानदारांचें भांडवल यांवर तें उभें राहिलें. ही हकीकत आमच्या व्यापारी वाचकांनीं तरी लक्षांत घेण्यासारखी आहे.

वॉटचा जन्म १७३६ सालीं स्कॉटलंडांतील ग्रीनॉक बंदरीं झाला. आजा गणिताचा शिक्षक, बाप जहाजांचें सामान करणारा व व्यापारी. १७५५ सालीं वॉट लंडनला गेला आणि वीस गिनी फी भरून गणितोपकरणें करण्याचा धंदा एका वर्षांत शिकला. रीतीप्रमाणें या उमेदवारीस सात वर्षें लागत. त्यामुळें ग्लासगोस परत आल्यावर तेथील कारागिरांच्या संघानें त्यास दुकान मांडूं दिलें नाहीं, असें चरित्रकार सांगत आले आहेत. इतक्यांत जमेकांतील एका व्यापाऱ्यानें विद्यापीठास ठेवून दिलेलीं खगोलशास्त्राचीं उपकरणें समुद्राच्या हवेनें बिघडून येऊन पोंचलीं. तीं दुरुस्त करण्याचें काम वॉटला मिळालें. मोबदला पांच पौंड! पुढें १७५७ सालीं विद्यापीठानें त्यास आपल्या आवारांतच एक खोली व विद्यापीठाचा उपकरणकार ही उपाधि दिली. त्या आवारांत संघाचा अंमल चालत नव्हता. बरोबर शंभर वर्षांनीं, १८५७ सालीं, मुंबईस विद्यापीठ निघालें. पण त्याचें काम परीक्षा घेण्यापुरतेंच होतें. जेथें शिकविण्याची सोय नाहीं, तेथें कारागिरास खोली कोण देणार?

वॉट हा विद्यापीठाचा विद्यार्थी नव्हता, हें खरें. पण त्याच्या खोलींत विद्यार्थी व अध्यापक सारखे येत, आणि तेथें बसूनच तो शिकला. जॉन रॉबिसन नांवाच्या तरुण पदवीधरानें १७५९ च्या सुमारास वाफेवर गाडी चालविण्याची कल्पना प्रथम त्याच्यापुढें मांडली. उष्णतेच्या शास्त्रांत नाणावलेला जोसेफ ब्लॅक हा तेथेंच रसायनशास्त्र शिकवीत असे. १७६३-६४ च्या हिंवाळ्यांत पदार्थविज्ञानाच्या वर्गांतील न्यूकोमेनच्या एंजिनाचा एक लहान नमुना दुरुस्तीसाठीं वॉटकडे आला. कांहीं खेपा चालून तो बंद पडे. त्या एंजिनांत नळकांडें वाफेनें भरावयाचें, मग त्यांतच थंड पाणी उडवून ती वाफ जिरवावयाची, कीं बाहेरील हवेच्या दाबानें दट्ट्या खालीं येई. म्हणजे तेंच नळकांडें दर खेपेस तापवा आणि तेंच निववा! वॉटनें मोजून पाहिलें, तों वाफेचा बहुतेक भाग नुसतें नळकांडें तापविण्यांतच खर्ची पडत होता. १७६५ च्या मे महिन्यांत एका रविवारीं ग्लासगोच्या मैदानांत फिरत असतां त्यास युक्ति सुचली. वाफ दुसऱ्या एका थंड भांड्यांत नेऊन जिरवावी आणि नळकांडें सदा गरमच राहूं द्यावें.

युक्ति एका दुपारीं सुचली. विकण्याजोगें यंत्र होण्यास मात्र अकरा वर्षें लागलीं. ब्लॅकनें पैसे उसने दिले. तेवढ्यानें भागेना, तेव्हां कॅरनच्या लोखंडी कारखान्याचा एक संस्थापक जॉन रोबक यानें वॉटचें सुमारें एक हजार पौंडांचें देणें अंगावर घेऊन दोन-तृतीयांश हिस्सा घेतला. १७६९ सालीं पेटंट मिळालें. परंतु पोट भरण्यासाठीं वॉट कालव्यांची मोजणी करीत हिंडत होता. १७७३ सालीं रोबकचें दिवाळें निघालें, आणि त्याच वर्षीं वॉटची पत्नी वारली. रोबककडे बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनचें येणें होतें. बोल्टननें त्याऐवजीं एंजिनांतील हिस्सा घेतला. इतर धनको त्या हिश्श्याची किंमत शून्य समजत होते. १७७५ सालीं पार्लमेंटनें पेटंटाची मुदत १८०० पर्यंत वाढविली. जॉन विल्किन्सननें तोफा कोरण्याच्या यंत्रावर नळकांडीं अचूक कोरून दिलीं, आणि १७७६ सालीं पहिलीं एंजिनें चालूं लागलीं.

येथें बोल्टनची व्यापारी अक्कल पाहण्याजोगी आहे. जुन्या एंजिनाच्या मानानें जो कोळसा वांचेल, त्याच्या किंमतीचा तिसरा हिस्सा गिऱ्हाईकानें द्यावा, असा त्यांचा करार असे. कॉर्नवॉलच्या खाणींना कोळसा समुद्रमार्गें आणावा लागे, म्हणून बचत मोठी होती. तरी खाणवाल्यांस ही पट्टी पुढें जड वाटूं लागली आणि खटले सुरू झाले. अखेरचा निकाल १७९९ सालीं वॉटच्या बाजूनें झाला.

निकाल कायद्यास धरून होता असें आमचेंही मत आहे. पण मुदत वाढविणें सर्वस्वी हिताचें झालें, असें आम्हांस म्हणवत नाहीं. जोनाथन हॉर्नब्लोअरचें दोन नळकांड्यांचें एंजिन या पेटंटाच्या धाकानें अडून राहिलें, आणि जोरदार दाबाच्या वाफेस खुद्द वॉटचा विरोध होता. तशा वाफेवरील ट्रेव्हिथिकचें पेटंट निघालें तें १८०२ सालीं, वॉटची मक्तेदारी संपल्यानंतर. ज्यास एकदां संघाच्या मक्तेदारीनें बाहेर ठेवलें, त्यानेंच स्वतःची मक्तेदारी इतक्या नेटानें राखावी, हें विचार करण्यासारखें आहे.

१८०० सालीं तो धंद्यांतून निवृत्त झाला. १८०६ सालीं ग्लासगोच्या विद्यापीठानें त्यास कायद्याची सन्मान्य डॉक्टरेट दिली, आणि दोन वर्षांनीं त्यानें तेथील विद्यार्थ्यांसाठीं एक बक्षीस ठेवलें. १८१९ च्या ऑगस्टांत तो वारला. दुरुस्तीस आलेला तो लहान नमुना त्या विद्यापीठाच्या पदार्थसंग्रहालयांत अद्याप जपून ठेवलेला आहे.