समान वेतनाची पहिली अट

बाबासाहेब म्हटले की डोळ्यांसमोर महाडचे चवदार तळे, काळाराम मंदिर, राज्यघटना आणि दीक्षाभूमी उभी राहते. कोळशाच्या खाणीत उतरलेले बाबासाहेब मात्र आपल्याला सहसा आठवत नाहीत. आपल्या कष्टकरी मायबहिणींनी तरी ते विसरता कामा नये.

परळच्या चाळीत बाबासाहेबांनी गिरणी कामगारांचे जिणे जवळून पाहिले होते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रीला बाळंतपणात पगारी विश्रांती देणाऱ्या विधेयकाची बाजू घेतली. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले.

पुढच्याच वर्षी कसोटीचा प्रसंग आला. १९३७ पासून स्त्रियांना जमिनीखालच्या खाणकामास बंदी होती. महायुद्धात कोळसा कमी पडला. मजूर लष्करी बांधकामांकडे वळले होते. सरकारने १९४३ साली ही बंदी तात्पुरती उठवली. महिला संघटनांनी कडाडून विरोध केला, आणि तो विरोध रास्त होता. मजूर खाते बाबासाहेबांकडे असल्याने उत्तरही त्यांनाच द्यावे लागले.

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले, स्वतः खाणीत उतरले. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात त्यांनी या निर्णयाची जबाबदारी झटकली नाही. आणीबाणीचा उपाय म्हणूनच त्याचे समर्थन केले. मात्र बाईला खाली उतरवायचे तर पुरुषाइतकीच मजुरी द्यावी लागेल, ही अट सरकारने घातली होती. कमी उंचीच्या बोगद्यात तिला राबवायचे नाही, हीही अट होती. स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान वेतन, हे तत्त्व या देशातील उद्योगात प्रथमच मान्य झाल्याचे त्यांनी सभागृहाला ठासून सांगितले. १९४३ आणि १९४५ साली खाणीतील प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्त्या झाल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

बंदी परत आली, पण तत्त्व मागे गेले नाही. राज्यघटनेच्या ३९व्या कलमात ते आले. त्याचा कायदा व्हायला मात्र १९७६ साल उजाडले. आजही शेतात खुरपणाऱ्या बाईच्या हातावर गड्यापेक्षा कमी मजुरी टेकवली जाते. मजुरी देणारा कधी परका असतो, कधी आपलाच. जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा धरणाऱ्या प्रत्येकाने आपल्या शेतावर, आपल्या बांधकामावर बाईला काय मजुरी मिळते, हे आधी तपासावे. बाबासाहेबांना खरे अभिवादन तिथून सुरू होते.