थॉमस क्रॅनमर : वचन सर्वांच्या कानी पडावे म्हणून

रविवारच्या उपासनेत जुन्या करारातून पहिला पाठ वाचला जातो, स्तोत्र म्हटले जाते, मग नव्या करारातून दुसरा पाठ होतो. उपासनेत शास्त्र वाचण्याची प्रथा सभास्थानापासून चालत आलेली, म्हणजे फार प्राचीन आहे. परंतु इंग्लंडच्या मंडळीतून आपल्याकडे आलेली पाठांची ही शिस्त ज्यांनी घालून दिली, त्यांना तिच्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली. ते स्वभावाने धाडसी नव्हते. म्हणूनच त्यांचे चरित्र तुम्हाआम्हाला जवळचे वाटते.

थॉमस क्रॅनमर यांचा जन्म २ जुलै १४८९ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातील अस्लॉक्टन या गावी झाला. केंब्रिज येथील जीझस कॉलेजात ते शिकले व तेथेच अध्यापक झाले. विवाहामुळे त्यांना ते पद सोडावे लागले. परंतु पत्नी बाळंतपणात मरण पावली आणि कॉलेजाने त्यांना परत घेतले. पुढे धर्मशास्त्राच्या पदवीसाठी येणाऱ्या उमेदवारांची परीक्षा घेताना, शास्त्राचे ज्ञान नसलेल्यांस ते परत पाठवीत. अभ्यासात रमलेल्या या मनुष्याचे उर्वरित आयुष्य ग्रंथालयातच गेले असते.

तसे व्हायचे नव्हते. आठवा हेन्री राजा आपला विवाह रद्द करण्याच्या खटपटीत होता. त्या वादात क्रॅनमर यांची विद्वत्ता राजाच्या उपयोगी पडली आणि १५३३ मध्ये ते कँटरबरीचे आर्चबिशप झाले. त्याआधीच्याच वर्षी जर्मनीत असता त्यांनी मार्गारेट नावाच्या स्त्रीशी विवाह केला होता. तो त्यांना कित्येक वर्षे गुप्त ठेवावा लागला. राजाच्या मर्जीने मिळालेले पद राजाच्या धाकातच सांभाळावे लागते. जॉन फ्रिथ व जॉन लँबर्ट या सुधारकांच्या चौकशीत क्रॅनमर त्यांच्या विरुद्ध पक्षाला होते आणि ते दोघेही जाळले गेले, हेही विसरून चालणार नाही.

त्या काळी उपासना लॅटिन भाषेत चाले. सामान्य माणूस मंदिरात उभा राही, पाही, गुडघे टेकी. परंतु वाचलेले त्याला उमगत नसे. शास्त्राचे पाठही तुटक होते. आगमनकाळात यशयाचे आणि लेंटच्या आधी उत्पत्तीचे वाचन सुरू होई, पण ते शेवटास जात नसे. मध्येच संतांच्या कथा, प्रतिसाद व स्मरणदिन येत. कोणत्या दिवशी काय वाचावे याचे नियम इतके गुंतागुंतीचे होते की, पाठ वाचण्यापेक्षा तो शोधण्यातच अधिक वेळ जाई.

१५३६ मध्ये बायबलचे इंग्रजी भाषांतरकार विल्यम टिंडेल यांना मृत्युदंड झाला. त्यानंतर थोड्याच काळात त्यांच्या परिश्रमावर आधारलेल्या इंग्रजी बायबलास राजाची संमती मिळावी म्हणून क्रॅनमर यांनी रदबदली केली आणि ती यशस्वी झाली. १५३८ मध्ये प्रत्येक मंदिरात मोठ्या आकाराचे इंग्रजी बायबल ठेवण्याचा हुकूम निघाला. पुढच्या वर्षी ‘ग्रेट बायबल’ छापले गेले. १५४० च्या आवृत्तीस क्रॅनमर यांनी प्रस्तावना लिहिली. लंडनच्या सेंट पॉल मंदिरात लोक बायबलाभोवती गर्दी करू लागले. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. कधीकधी उपासना चालू असतानाच हे वाचन चाले आणि त्यावरून तक्रारी होत. १५४३ मध्ये कायदा होऊन कारागीर, मजूर व सामान्य स्त्रिया यांना बायबल वाचण्याची बंदी झाली.

१५४७ मध्ये हेन्री मरण पावला आणि बालराजा सहावा एडवर्ड गादीवर आला. आता क्रॅनमर यांना मोकळीक मिळाली. ९ जून १५४९, पेंटेकॉस्टचा रविवार. त्या दिवसापासून इंग्रजी ‘सामान्य प्रार्थना पुस्तक’ सर्वत्र वापरात आले. दिवसाच्या अनेक प्रार्थनाप्रहरांच्या जागी सकाळची व सायंकाळची अशा दोन उपासना नेमल्या. प्रत्येक उपासनेत दोन्ही करारांतून एकेक पाठ ठेवला. काही भाग सोडता जुना करार वर्षातून एकदा, प्रकटीकरणाखेरीज नवा करार तीनदा आणि सर्व १५० स्तोत्रे दर महिन्याला वाचून व्हावीत, अशी आखणी केली. सर्वांना नीट ऐकू जाईल अशा रीतीने उभे राहून व वळून वाचकाने पाठ वाचावा, असा नियम घातला. लोकांनी वचन ऐकावयास यावे म्हणून पाळकाने घंटा वाजवावी, ही सूचना १५५२ च्या आवृत्तीत आली. आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारसाठी तर त्यांनी शास्त्रवाचनाविषयीचीच एक प्रार्थना रचली.

तरीही सर्वांनी या पुस्तकाचे स्वागत केले नाही. डेव्हन व कॉर्नवॉल येथे बंड झाले. कॉर्नवॉलच्या काही लोकांची तक्रार अशी की, त्यांना इंग्रजी समजत नाही. त्यांच्यापैकी अधिक लोकांना लॅटिन तरी समजते काय, असे क्रॅनमर यांनी उलट विचारले. युक्तिवाद बिनतोड होता. परंतु त्या लोकांच्या स्वभाषेचा प्रश्न त्याने सुटला नाही. मातृभाषेसाठी झटणाऱ्यालाही दुसऱ्याची मातृभाषा दिसेलच असे नाही.

१५५३ मध्ये मेरी राणी झाली आणि लॅटिन उपासना परत आली. क्रॅनमर कैदेत पडले. १६ ऑक्टोबर १५५५ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे सहकारी लॅटिमर व रिडली यांना जिवंत जाळण्यात आले. एकाकी व थकलेले क्रॅनमर खचले. आपली मते नाकारणाऱ्या एकामागून एक पत्रांवर त्यांनी सह्या केल्या. तरी त्यांची शिक्षा टळली नाही. २१ मार्च १५५६ रोजी सेंट मेरी मंदिरात त्यांनी सर्वांसमोर आपला नकार पुन्हा वाचून दाखवावा, अशी अपेक्षा होती. त्यांनी नकार दिला तो त्या सह्यांनाच. लोकांनी त्यांना खाली खेचून जळत्या खांबाकडे नेले. ज्या उजव्या हाताने सही केली होती, तो त्यांनी प्रथम अग्नीत धरला.

१५५९ मध्ये प्रार्थना पुस्तक पुन्हा सुरू झाले. पुढे ते मराठीतही आले आणि आपल्याकडील अँग्लिकन मंडळ्यांच्या कित्येक पिढ्या त्यातून प्रार्थना करीत वाढल्या. १९७० मध्ये उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा हा वारसाही तिच्यात आला.

वाचकहो, येत्या रविवारी पाठ वाचण्याची पाळी तुमच्यावर आली, तर तो आधी घरी वाचून पाहा. उपासनेत उभे राहाल तेव्हा शेवटच्या बाकावरील म्हातारीला तो ऐकू जाईल असा वाचा. पाळी नसेल तर मन लावून ऐका. क्रॅनमर पुष्कळदा डळमळले. परंतु जे वचन इतरांच्या कानी पडावे म्हणून ते झटले, त्याच वचनाकडे ते शेवटी परतले.