पॉलकाकांचे जनक

फ्रान्सच्या दक्षिण भागातील डोंगराळ मुलखात सँ-लेऑं नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील एका गरीब शेतकऱ्याच्या घरी २१ डिसेंबर १८२३ रोजी झां आंरी फाब्र यांचा जन्म झाला. गावची शाळा म्हणजे गुरुजींच्या घरातील एकच खोली. तेच त्यांचे स्वयंपाकघर आणि तेच त्यांचे शयनगृह. दार उघडे राहिले की कोंबड्या आणि डुकराची पिले खुशाल वर्गात शिरत, आणि साऱ्या मुलांचे लक्ष तिकडे जाई. अशा शाळेत लहानग्या आंरीला मुळाक्षरे काही केल्या येईनात. शेवटी वडिलांनी बाजारातून एक रंगीत तक्ता विकत आणला. त्यात प्रत्येक अक्षराशेजारी एका प्राण्याचे चित्र होते. पहिले अक्षर त्याला गाढवाने शिकवले, दुसरे बैलाने आणि तिसरे बदकाने! थोड्याच दिवसांत तो भराभर वाचू लागला. प्राण्यांचे हे ऋण त्याने पुढे व्याजासह फेडले.

घरची बदकाची पिले तळ्यावर चरावयास नेण्याचे काम त्याच्याकडे असे. पिले पाण्यात डुंबत, आणि हा काठावर बसून चकाकणारे दगड, शिंपले, निळे किडे गोळा करी. एकदा खिसे फाटेपर्यंत हा खजिना भरून तो घरी आला. आईवडिलांनी त्याला रागे भरले आणि सारे फेकून द्यावयास लावले. त्यात त्यांचा तरी काय दोष? ज्या घरात भाकरीची चिंता, तेथे किड्यांचे कौतुक कोण करणार?

शिष्यवृत्ती मिळवून फाब्र यांनी अध्यापनाचे शिक्षण पूर्ण केले आणि १८४२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते कार्पांत्रा या गावी शिक्षक झाले. वार्षिक वेतन होते अवघे ७०० फ्रँक. जमीन मोजण्याचा पाठ देण्यासाठी ते मुलांना माळावर नेत. एकदा मुले मोजणी सोडून पुन्हा पुन्हा खाली वाकताना दिसली. पाहतात तो काय, गोट्यांवर मातीची घरटी बांधणाऱ्या माश्यांचा मध मुले काडीने शोषून घेत होती! गुरुजी रागावले नाहीत. उलट तेही त्यांत सामील झाले. त्या माश्यांविषयी वाचण्यासाठी त्यांनी एक मोठा ग्रंथ विकत घेतला. त्याची किंमत त्यांच्या महिन्याच्या पगाराइतकी होती. ग्रंथाने माशीचे नाव सांगितले. पण बाकीचे पाहण्यासाठी त्यांना पुन्हा माळावरच जावे लागले.

पुढे आव्हिन्याँ शहरात शिकवत असताना ते मुलींसाठीही विज्ञानाचे वर्ग घेत. फुलापासून फळ कसे होते, हे त्यांनी मुलींना उघडपणे समजावून दिले. मुलींना असे ज्ञान देणे काही मंडळींना मुळीच रुचले नाही. निंदेचे काहूर उठले. १८७० साली फाब्र यांना नोकरी सोडावी लागली, आणि घरमालकिणींनी त्यांना घरही रिकामे करावयास सांगितले. पदरी पाच मुले, हाती पैसा नाही! अशा वेळी त्यांचे मित्र, इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी ३००० फ्रँक उसने पाठवले. ते कर्ज फाब्र यांनी पुढे पूर्णपणे फेडले.

वर्ग गेला, पण शिक्षक उरला होता. ओरांज या गावी बिऱ्हाड हलवून त्यांनी मुलांसाठी पुस्तके लिहिण्यास प्रारंभ केला. मुलांची पुस्तके ते पूर्वीही लिहीत. आता मात्र त्यांवरच संसार चालवावयाचा होता. त्यांतील अनेक पुस्तकांत पॉलकाका नावाचे एक प्रेमळ गृहस्थ भेटतात. ते मुलांना बागेत व शेतात हिंडवतात आणि गोष्टी सांगतात. त्या मुलांपैकी झ्यूल आणि एमील ही नावे फाब्र यांच्या स्वतःच्या मुलांची होत.

मावा झाडाचा रस शोषतो, त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड थेंबासाठी मुंग्या त्याच्याभोवती जमतात, आणि मुंग्यांची ही जणू गाईगुरेच होत, हे पॉलकाकांच्या तोंडून ऐकताना मुले रंगून जात. तोच मावा खाऊन ढालकिडा जगतो. एका फांदीवर एवढा मोठा संसार!

१८७३ साली त्यांनी शेतीला साहाय्य करणाऱ्या प्राण्यांविषयी एक पुस्तक लिहिले. त्या काळी घुबडाला अशुभ मानून शेतकरी त्याला मारीत आणि कोठाराच्या दारावर खिळ्यांनी ठोकून ठेवीत. वटवाघूळ, चिचुंद्री, भेक यांचीही अशीच गत होई. हेच घुबड रात्रभर उंदीर टिपते आणि वटवाघूळ उडते किडे गट्ट करते. त्यांना मारणारा शेतकरी आपल्याच धान्याचे रखवालदार मारतो, हे पॉलकाका मुलांना पटवून देतात. प्राण्यांची उपयुक्त आणि उपद्रवी अशी सरळ विभागणी आजचे शास्त्रज्ञ करीत नाहीत. परंतु एक प्राणी नाहीसा झाला तर दुसऱ्याचे काय होईल, हा प्रश्न फाब्र यांनी शेतकऱ्यांच्या मुलांपुढे दीडशे वर्षांपूर्वी मांडला, ही गोष्ट लहान नव्हे.

या सुमारास त्यांच्यावर मोठे दुःख कोसळले. निसर्गाची विलक्षण आवड असलेला त्यांचा झ्यूल १८७७ साली, सोळाव्या वर्षी मरण पावला. फाब्र यांनी तीन जातींच्या गांधीलमाश्यांना त्याचे नाव दिले.

पुस्तकांच्या मिळकतीतून १८७९ साली त्यांनी सेरिन्याँ गावाजवळ एक खडकाळ, काटेरी झुडपांनी भरलेली पडीक जमीन घेतली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती कवडीमोलाची होती. फाब्र यांना मात्र असे किड्यांनी गजबजलेले रान मिळावे, ही चाळीस वर्षांची आस होती. शेणाचा गोळा करून ढकलत नेणाऱ्या शेणकिड्यापासून आरंभ करून कीटकांच्या जीवनावर त्यांनी दहा खंड लिहिले. शेवटचा खंड १९०७ साली प्रसिद्ध झाला. डार्विन यांना त्यांच्या निरीक्षणाविषयी मोठा आदर होता. फाब्र यांना मात्र डार्विनचा उत्क्रांतिवाद अखेरपर्यंत पटला नाही.

११ ऑक्टोबर १९१५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, फाब्र यांनी सेरिन्याँ येथे देह ठेवला. १९२२ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाने ते घर आणि तो काटेरी माळ विकत घेतला. ज्या चिमुकल्या मेजावर त्यांनी आयुष्यभर लेखन केले, ते मेजही तेथे जतन करण्यात आले.