हृदयाच्या कुलपाचा शोध घेणारे रेमंड अहलक्विस्ट

हृदयाची ताकद अचानक कमी झाली, शरीराला पुरेसं रक्त पोचेनासं झालं, की आयसीयूमध्ये डॉक्टर अनेकदा डोब्युटामिनची ड्रिप लावतात. हे औषध मुख्यतः हृदयाच्या पेशींवरच्या बीटा-१ या रिसेप्टरला जागं करतं आणि ठोका जोरकस होतो. रिसेप्टर म्हणजे पेशीचं कुलूप, औषध म्हणजे किल्ली. पण शरीरात अशी वेगवेगळी कुलपं आहेत हे सांगणाऱ्या माणसाचं म्हणणं कितीतरी वर्षं कोणी मनावर घेतलं नव्हतं. त्याचं नाव रेमंड अहलक्विस्ट.

अहलक्विस्ट यांचा जन्म १९१४ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातील मिझुला गावी झाला. ते डॉक्टर नव्हते. शिक्षण औषधनिर्माणशास्त्राचं, म्हणजे फार्मसीचं. १९४० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. काही वर्षं साउथ डकोटात शिकवून ते जॉर्जिया राज्यात ऑगस्टाच्या मेडिकल कॉलेजात आले आणि तिथेच रमले.

तिथे ते शोधत होते वेगळंच. गर्भाशयाचे स्नायू सैल करणारं औषध त्यांना हवं होतं. त्यासाठी ॲड्रेनलिन आणि त्याच्या जवळची काही छोटी रसायनं घेऊन त्यांनी प्राण्यांच्या वेगवेगळ्या अवयवांवर तपासली. प्रत्येक ठिकाणी कुठलं रसायन जास्त जोरदार, कुठलं कमी, याचा क्रम लावला. क्रम दोनच निघाले. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात तिथे ॲड्रेनलिन पुढे आणि आयसोप्रेनलिन अगदी शेवटी. हृदयावर मात्र सगळं उलटं. तिथे आयसोप्रेनलिन सगळ्यात वर!

त्या काळी शास्त्रज्ञ मानत की शरीरात सिंपॅथिन नावाचे दोन पदार्थ तयार होतात, एक अवयवाला उत्तेजित करणारा, दुसरा शांत करणारा. अहलक्विस्ट यांनी गोष्टच फिरवली. पदार्थ दोन नाहीत, कुलपं दोन आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांना त्यांनी अल्फा आणि बीटा ही नावं दिली. बीटा हृदयाला जोर देतो, पण श्वासनलिकेला सैल करतो. म्हणजे उत्तेजित आणि शांत अशी वाटणीच चुकीची होती.

औषधशास्त्राच्या नामांकित नियतकालिकाने हा लेख परत पाठवला. शेवटी १९४८ मध्ये शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात तो छापून आला. पण छापून येणं वेगळं आणि पटणं वेगळं. पुढची दहाएक वर्षं तो जवळपास दुर्लक्षितच राहिला. अहलक्विस्ट यांनी विचार सोडला नाही. १९५४ च्या एका पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणात त्यांनी तो पुन्हा मांडला.

ते प्रकरण स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांच्या वाचनात आलं. हृदयाचं बीटा कुलूप बंद ठेवता आलं तर त्याची धावपळ कमी होईल, छातीतली कळ थांबेल, हे त्यांनी ताडलं. त्यातून प्रोप्रॅनोलॉल हे औषध आलं.

कुलूप उघडणाऱ्या किल्ल्यांचंही पुढे तेच झालं. दम्यासाठी आयसोप्रेनलिन घेतलं की छाती मोकळी व्हायची, पण हृदय धडधडायचं. १९६७ मध्ये बीटाचेही दोन प्रकार असल्याचं दिसलं, हृदयात मुख्यतः बीटा-१ आणि श्वासनलिकेत बीटा-२. मग किल्ल्या अधिक नेमक्या घडवता आल्या. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल बीटा-२ साठी आलं. आयसोप्रेनलिनच्याच रचनेत बदल करत हृदयासाठी डोब्युटामिन तयार झालं.

१९७६ मध्ये अहलक्विस्ट आणि ब्लॅक यांना मिळून लास्कर पुरस्कार मिळाला. १९८८ च्या नोबेलमध्ये ब्लॅक होते. अहलक्विस्ट तोवर हयात नव्हते, १९८३ मध्येच ते गेले.

गंमत म्हणजे रिसेप्टर ही त्यांच्या लेखी अखेरपर्यंत एक कल्पनाच होती, अवयवांचं वागणं समजावून सांगण्यापुरती. त्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १९८६ मध्ये, बीटा-२ रिसेप्टरचं जनुक हाती लागलं. ते कुलूप खरोखरच तिथे होतं. ते बघायला अहलक्विस्ट तेवढे राहिले नव्हते.